नवख्यांसाठी कॅरॅक्टर शीट, एका पानात आणि मराठीत (डी अँड डी पाचवी आवृत्ती)

रविवारचा_गडी

मंडळी मदत हवीये. गेल्या रविवारी घरी पहिल्यांदाच डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं होऊन फासे टाकत गोष्ट खेळायची) लावलं, मी डीएम (गोष्ट चालवणारा), खेळायला बायको, मेव्हणी (आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो, बँकेत आहे), आठवीतली भाची आणि भाचीची मैत्रीण. नेटवरची ती नेहमीची तीन पानी कॅरॅक्टर शीट (आपल्या पात्राची माहिती लिहायचा कागद) चार जणींसाठी छापून आणली, पेन्सिली टोकदार करून ठेवल्या, चिवडा केला, सगळी तयारी. पाच वाजता बसलो आणि शीट भरता भरता सात वाजले. ताईनं पहिलं पान उलटसुलट करून विचारलं, "हा होमलोनचा अर्ज आहे का रे, सह्या कुठे करायच्या?"

बरं भरून झालं एकदाचं आणि गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षस) आले. भाचीची पाळी. ती शीटकडे बघतीये, मी तिच्याकडे बघतोय, आणि ती म्हणते, "मामा, माझी पाळी आली की ह्यात बघायचं कुठे?"

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय, की दोन तास जे भरलं त्यात हिच्या एका प्रश्नाचं उत्तर नाहीये. सगळं आहे त्यात, सहा गुण, अठरा स्किल, सेव्हिंग थ्रो, हिट डाइस, आदर्श, दोष, सोन्याची नाणी, पण "आता मी काय करू शकते" हे कुठेच नाही.

आणखी एक घोळ सांगतो म्हणजे अंदाज येईल. ताईची फायटर (लढणारी), ताकद १६. तलवार मारायची म्हणून डी२० (वीसचा फासा) टाकला, ७ आले. तिनं सरळ ७ आणि १६ तेवीस केले, कारण शीटवर ठळक मोठ्ठा १६ लिहिलाय ना! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला सांगावं लागलं की नाही हो ताई, १६ म्हणजे +३, त्यात प्रोफिशन्सीचे (सरावाचे) +२, म्हणजे ७ आणि ५ बारा, गॉब्लिनला १५ लागतात, हुकलं. तिचा चेहरा बघवला नाही. म्हणाली, "मग १६ लिहिलाय कशाला?"

तर मला एका ए-फोर पानाची, लेव्हल १ ते ३ पुरती, मराठीतली शीट करायचीये. काय ठेवू, काय काढू, बोला.

---

खारूताई_५

शीट भरायला लावूच नकोस पहिल्या दिवशी. तयार पात्रं दे. २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये पाच तयार पात्रं उगाच नव्हती दिली (दोन फायटर, एक क्लेरिक म्हणजे पुजारी, एक रोग म्हणजे चोर, एक विझर्ड म्हणजे जादूगार). नावाची जागा कोरी ठेव, आणि एक प्रश्न, "गाव का सोडलंस?" बास. ह्या दोन गोष्टी भरल्या की पात्र आपलं वाटायला लागतं, बाकी आकडे कोणी लिहिलेत ह्याच्याशी कोणाला काही पडलेली नसते.

---

मास्तरीणबाई

भाचीनं बरोब्बर विचारलंय हो. मी पाचवी-सहावीच्या मुलांसोबत शाळा सुटल्यावर खेळते, वर्षभर झालं. माझा अनुभव सांगते.

मुलांना नामं कळत नाहीत, क्रियापदं कळतात. "मेली वेपन अटॅक बोनस" असं लिहिलं की सगळी माझ्या तोंडाकडे बघतात, आणि "तलवार मारते" लिहून पुढे वीसच्या फाशाचं चित्र, अधिक ५, आणि खालच्या ओळीत "लागली तर" म्हणून आठच्या फाशाचं चित्र, अधिक ३, असं केलं की विचारावं लागत नाही. चित्र म्हणजे खरोखर त्या फाशाची बाह्यरेषा काढायची, डी४ त्रिकोण, डी६ चौकोन, डी८ पतंगासारखा. पहिले तीन-चार खेळ मुलं आठचा आणि दहाचा फासा सारखी अदलाबदल करतात, मोठेही करतात, तिथे चित्र कामाला येतं.

म्हणून माझ्या शीटवर वरचा अर्धा भाग "माझी पाळी आली" असा आहे. त्यात चारच ओळी: मारते, मंत्र टाकते (असेल तर), पळते/लपते, दुसरीला मदत करते. शेवटची ओळ आवर्जून लिहा, नाहीतर मदत करता येते हे कोणाला सुचतच नाही, सगळी आपली तलवारी घेऊन पुढे.

आणि हो, जीव (हिट पॉइंट) कागदावर लिहून खोडायला लावू नका. तिसऱ्या मारामारीला त्या चौकोनाला भोक पडतं. मी चिंचोके देते. बारा जीव असतील तर बारा चिंचोके, मार बसला की तेवढे माझ्या वाटीत टाकायचे. विझर्डला लेव्हल १ ला दोन स्पेल स्लॉट असतात, त्याला दोन कवड्या, मंत्र टाकला की कवडी परत. "स्पेल स्लॉट म्हणजे काय" हे आधी मी वीस मिनिटं समजावत बसायचे, कवड्या आल्यापासून एकदाही समजावलेलं नाही.

---

उगाच_आपलं

एवढं सगळं करण्यापेक्षा पत्ते कुटा की. बदामसातला शीट लागत नाही.

---

खारूताई_५

@उगाच_आपलं बदामसात मध्ये गॉब्लिन नसतात.

---

जुना_खेळीया

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

तुम्ही सगळं लपवत चाललाय. १६ काढून नुसता +३ ठेवायचा हे ऐकायला छान, पण चौथ्या लेव्हलला फायटरला गुण वाढवायची संधी मिळते तेव्हा काय सांगणार, कशात दोन मिळवायचे? लांब उडी किती फूट मारता येते ते ताकदीच्या आकड्यावरच ठरतं, चेन मेल (कड्यांचं चिलखत) घालून नीट चालायला ताकद १३ लागते, तिथे +१ सांगून भागत नाही. खेळ मुळात असा आहे. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसननी काढला तेव्हापासून हे सहा गुण आहेत, तीन सहाचे फासे टाकून ३ ते १८. त्या आकड्यांची एक मजा आहे. मी कॉलेजात असताना आम्ही चौघं एका फाटक्या झेरॉक्सवरून खेळायचो, वहीच्या पानावर स्केलनं रेघा मारून शीट करायची, आणि फासे टाकून आपल्या पात्राला करिष्मा ५ आला ह्या दुःखात अख्खी संध्याकाळ जायची. ते दुःख आमचं स्वतःचं होतं! तयार पात्र हातात दिलं की ते भाड्याच्या कपड्यांसारखं, मापात असतं पण आपलं नसतं.

दोन तास गेले म्हणता, पण ते दोन तास वाईट गेले का? हा प्रश्न विचारा.

---

रविवारचा_गडी

@जुना_खेळीया वाईटच गेले हो खरं सांगायचं तर, तुम्ही चौघं कॉलेजात होतात आणि तुम्हाला खेळायचंच होतं, इथे ताईला मी चिवड्याच्या आमिषानं बसवलेलं. पण तुमचा मुद्दा डोक्यात घेतला. आकडे फेकत नाही, पानाच्या मागे टाकतो. पुढची बाजू खेळताना, मागची बाजू लेव्हल वाढली की उलटायची. चालेल?

---

जुना_खेळीया

चालेल. मागच्या बाजूला १६ → +३ चा हिशोबही लिही, दहा वजा करून निम्मे, अपूर्णांक खाली. कोणीतरी एक जण दर टेबलावर असतोच ज्याला ते बघायचं असतं. तो पुढे डीएम होतो.

---

अक्षरवेडी

मी डिझाइनवाली, खेळत फारशी नाही (नवरा खेळतो, मी चहा करत नाही, फक्त शीटला नावं ठेवते). मागची बाजू-पुढची बाजू ही कल्पना योग्य आहे पण ती अजून ताणा. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा, हिच्यावर नजर किती वेळा जाते. दर पाळीला बघायची गोष्ट मोठी आणि वर, खेळात एकदोनदा लागणारी खाली आणि बारीक, लेव्हल वाढल्यावरच लागणारी मागे. मी नवऱ्याची शीट ह्या चाळणीतून काढली तेव्हा जी गोष्ट सगळ्यात आधी पडली ती म्हणजे स्किलची यादी. अठरा ओळी! आणि लेव्हल १ च्या फायटरला त्यातली चारच स्किल येतात, दोन वर्गाची (म्हणजे फायटर असल्याची) दोन पार्श्वभूमीची. उरलेल्या चौदा ओळींत तेच सहा गुणांचे आकडे परत परत लिहिलेत. चार छापा, आणि खाली एक ओळ, "बाकी कशालाही तो तो गुण". पाव पान मोकळं होतं.

पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता आपोआप किती लक्षात येतं तो आकडा) पण काढा, ते डीएमनं आपल्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, खेळणाऱ्याला त्याचं काय.

आता देवनागरीचं. इंग्रजी शीटमध्ये तीन अक्षरी एसटीआर, डीईएक्स असं चालून जातं, आपल्याकडे तसे संक्षेप कोणी वाचत नाही, "ताक." लिहिलंत तर लोक प्यायला मागतील. पूर्ण शब्द लिहा, म्हणजे चौकोन रुंद हवेत. उंचीही जास्त लागते, वर वेलांटी रफार आणि खाली उकार जोडाक्षरं, "बुद्धी" हा एकच शब्द इंग्रजी मापाच्या चौकोनात टाकून बघा, वरखाली दोन्हीकडे कापला जातो. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या, मुक्ता चांगला आहे, मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा, आकडेही सुबक आहेत. इनडिझाइन वापरत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर वेलांट्या सुटून भलतीकडे जातात आणि तुम्ही रात्रभर फॉन्टला शिव्या घालता.

राखाडी छटा बिलकुल नको. झेरॉक्सवाल्याकडे तिचा चिखल होतो.

---

तळकोकणी

मराठीत करणार म्हणजे शब्दांचं काय ते आधी ठरवा मेल्यांनो, खरा गोंधळ पुढेच आहे. स्ट्रेंग्थ ताकद, डेक्स्टेरिटी चपळाई, इथवर ठीक. कॉन्स्टिट्यूशन? इंटेलिजन्स बुद्धी तर विझडम काय? आणि करिष्मा हा काय मराठी शब्द झाला?

---

मास्तरीणबाई

आम्ही विझडमला शहाणपण म्हणायचो, पण तिथे गंमत झाली. पहाऱ्यावर असताना पाऊल वाजलं का हे ऐकायला विझडम लागतं ना, तर एक मुलगा म्हणाला, "बाई, शहाणपणानं ऐकू कसं येतं, कानानं येतं."

---

अक्षरवेडी

😂 मुलगा हुशार आहे. शहाणा का माहीत नाही.

---

रविवारचा_गडी

"जाण" कसं वाटतं? जनावराची जाण, माणसाची जाण, आजूबाजूची जाण. विझडमखाली येणारी पाचही स्किल त्यात बसतात. आणि पर्सेप्शनला "चाहूल". हा शब्द सुचला तेव्हा मी एकटाच टेबलावर हात आपटला, "चाहूल घेते" म्हणलं की नुसता फासा पडत नाही, अंधार पण पडतो.

बाकी आत्तापर्यंत असं: स्टेल्थ = दबकत जाणं, डिसेप्शन = थापा, इंटिमिडेशन = दम देणं, स्लाइट ऑफ हँड = हातचलाखी, इन्व्हेस्टिगेशन = छडा, इनसाइट = मनातलं ओळखणं, पर्सुएशन = गळ घालणं. कॉन्स्टिट्यूशनला "दम" म्हणणार होतो पण दम देणं आधीच आहे, मग ताई म्हणेल माझ्याकडे दम +२ आहे मी गॉब्लिनला देते. म्हणून काटकपणा. करिष्म्याला "छाप".

---

तळकोकणी

चाहूल बेस्ट. काटकपणा पण बरा, आमची आजी नव्वदीत विहिरीचं पाणी काढायची तिला आम्ही हाच शब्द वापरायचो. छाप मात्र मला छापखान्यासारखं वाटतंय. "वट" घ्या! गावात वट असली की दुकानदार उधार देतो, करिष्मा म्हणजे अजून काय असतं?

---

जुना_खेळीया

वट पदानं पण येते, करिष्मा अंगात असतो. छापच बरोबर. (मी मराठी शब्दांच्या बाजूनं भांडेन असं आयुष्यात वाटलं नव्हतं.)

---

खारूताई_५

आर्मर क्लासचं (वार लागायला किती यावे लागतात तो आकडा) काय करताय? चिलखत म्हणू नका, रोग नुसत्या चपळाईवर वार चुकवते, तिच्या अंगावर साधं चामडं असतं.

---

रविवारचा_गडी

त्याला सध्या सगळे "एसी" म्हणतायत आणि तो एक वेगळाच तमाशा आहे. ताईला चेन मेलचे १६ आणि ढालीचे २, तिनं जाहीर केलं माझा एसी १८ वर आहे, तर बायको म्हणते, "१८ वर कशाला ठेवतेस, चोवीसवर ठेव, बिल किती येईल."

---

शिकागोकर

हसून हसून खोकला आला. इथून थोडी भर.

एक, कायदेशीर बाजू, कारण हे तुम्ही इतरांना वाटणार. पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा दस्तऐवज) जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० परवान्याखाली खुला झाला, म्हणजे नियमांचा तो भाग भाषांतर करून वाटता येतो, पैसे घेऊनसुद्धा, फक्त श्रेय लिहायचं. श्रेयाची ठरावीक ओळ आहे, ती मागच्या बाजूला तळाला टाका. लोगो आणि त्यांच्या शीटची नक्षी मात्र उचलू नका, ते त्यात येत नाही.

दोन, सामानाचा चौकोन. सगळे त्याला विसरतात आणि मग "माझ्याकडे दोर होता ना?" वर वाद. माऊसरिटर नावाचा छोटा खेळ आहे, उंदीर होऊन खेळायचं, त्याच्या शीटवर सामानाची यादी लिहायची नसतेच, दहा घरं आखलेली असतात, दोन पंजे दोन अंगावर सहा पिशवीत, आणि प्रत्येक वस्तूचा कापलेला कागदी तुकडा त्या घरात ठेवायचा. घरं भरली की ओझं संपलं, पौंड मोजत बसायला नको. दमलात किंवा घाबरलात तर त्याचाही तुकडा येऊन एक घर अडवतो, हे मला फार आवडलं. डी अँड डी च्या नियमात हे बसत नाही पण लेव्हल १ ते ३ ला कोण वजनं मोजतंय.

तीन, माझी विनंती. आमच्याकडे दोन मुलं आहेत, मराठी बोलतात फाडफाड, वाचतात मात्र अक्षर अक्षर जोडून. त्यांच्यासाठी प्रत्येक ओळीपुढे छोटं चित्र टाका. कान, मुठी, तोंड, पाऊल. "दबकत जाणं" वाचेपर्यंत गॉब्लिन घरी जाऊन जेवून येतो.

---

अक्षरवेडी

चित्रं मी काढून देते. अठरा नाही हं, बाराच. पुढच्या आठवड्यात.

---

रविवारचा_गडी

मंडळी, रिपोर्ट. काल दुसरा खेळ झाला. शीट अशी होती: ए-फोर आडवं, मधे दुमडलं की पुस्तकासारखं. दुमडलेल्या बाहेरच्या बाजूला वर नाव आणि "गाव का सोडलंस?", खाली मोठ्या अक्षरात "माझी पाळी आली" आणि मास्तरीणबाईंच्या चार ओळी. उघडलं की डावीकडे सहा गुण (फक्त +३ वगैरे) आणि येणारी चार स्किल, उजवीकडे सामानाची दहा घरं. सगळ्यात मागे जुना_खेळीया ह्यांचे १६ आणि श्रेयाची ओळ. पात्रं तयार दिली, पण सहापैकी कुठलेही दोन गुण आपसात बदलायची मुभा ठेवली, त्यामुळे भाचीनं आपल्या विझर्डची छाप मुद्दाम ८ केली, "ही कोणाशी नीट बोलत नाही".

सव्वापाचला पहिला फासा पडला. मागच्या वेळी सात वाजले होते.

जे चाललं: ताईला एकदाही सांगावं लागलं नाही. ७ आले, +५, बारा, "हुकलं" ती स्वतःच म्हणाली, वर माझ्याकडे बघून "मागच्या वेळी तेवीस होते" हे ऐकवलंच. "चाहूल घेते" हे मैत्रिणीनं इतक्या वेळा केलं की शेवटी मला खरंच झाडीत काहीतरी लपवावं लागलं. मदत करते ह्या ओळीमुळे बायकोच्या क्लेरिकनं जाऊन गॉब्लिनच्या डोळ्यात धूळ टाकली आणि ताईला दोनदा फासा टाकायला मिळाला.

जे फसलं तेही लिहितो. बाणांचा हिशोब कुठेच नव्हता, रोगनं किती सोडले देव जाणे, एक छोटी वीस टिकल्यांची रांग टाकतो. शीट दुमडलेली असली की टेबलावर सपाट बसत नाही, पंख्यानं उघडते. आणि मृत्यूचे सेव्ह (जीव संपल्यावरचे फासे, तीन वाचले की स्थिर, तीन चुकले की संपलं) मी जागा नाही म्हणून काढून टाकलेले, तर नेमकी विझर्डच पडली. तिचे जीव सातच. घाईत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर तीन गोळे काढले, भाची त्या कोपऱ्याकडे बघत बसलेली, दोन चुकले होते, तिसरा फासा टाकायला हात पुढे येईना. ताई म्हणाली टाक गं. १४ आले, हा वाचला. ते तीन गोळे आता पुढच्या बाजूला, तळाशी, काळ्या चौकटीत जाणार, नवखं असो की कोणी, ती जागा आधीपासून डोळ्यासमोर असलेली बरी.

---

जुना_खेळीया

बघा, आठ छाप तिनं स्वतः निवडली ना. मी काही बोलत नाही.

---

मास्तरीणबाई

जाड कागदावर छापा, पंख्याचं काम होऊन जाईल. आणि काळ्या चौकटीतले गोळे जरा मोठे काढा, त्यांच्यावर चिंचोका मावला पाहिजे.

---

तळकोकणी

मी पण येत्या सुट्टीत गावाला चुलतभावंडांसोबत लावतोय, फाइल टाक रे लवकर. चिंचोके किती लागतील पाच जणांना? आमच्याकडे पोतंभर पडलेत.

---

रविवारचा_गडी

फाइल अक्षरवेडीची चित्रं आली की टाकतो. साठ-सत्तर चिंचोके पुरतात, पण कच्चेच घे. मी काल हौसेनं भाजलेले ठेवलेले. भाचीची विझर्ड सातावर सुरू झाली आणि पहिला गॉब्लिन यायच्या आत चारावर, तिनं तीन खाल्ले होते.